बयनाबाईच्या छातीचा फोटो

भगवानराव काका आमच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतात. दवाखान्याच्या मोटारीवर त्यांनी अठरा वर्षं ड्रायव्हरकी केली. त्या रात्री लाईट गेली होती. काका, त्यांची नात पूनम आणि मी ओसरीवर बसलो होतो. पूनम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मोबाईलच्या उजेडात ती छातीतले भाग पाठ करत होती. उजवं फुप्फुस तीन खणांचं. डावं दोनच खणांचं, कारण तिकडे हृदयाला जागा द्यावी लागते.

"फासळ्या किती?" काकांनी मध्येच विचारलं.

"बारा जोड्या, आबा. एवढं तर यालेबी ठाऊक असन." तिनं माझ्याकडे बोट केलं. मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली.

काका हसले नाहीत. "मंग ऐका. हे आपल्या जीवनचं हाये. मी मोटारीवर असतानाचं."

जीवन मोटारीतला एक्स-रेवाला. तिशीचा, हाताचा जलद. गावोगाव छातीचे फोटो काढायचं काम. माणूस पाटीला छाती टेकवी. जीवन म्हणे, "श्वास घ्या. धरा." यंत्र टक् वाजे. मग "सोडा" म्हणायचं असतं. पण दिवसाला सत्तर-ऐंशी माणसं. जीवनची ती सवय सुटली होती. तो सरळ पुढचं नाव पुकारी, आणि आधीचा माणूस आपोआप श्वास सोडी. कधी कोणाचं अडलं नाही.

दोन वर्षांमागची पौष अमावास्या, शुक्रवार. सकाळी इंद्रवेल्लीच्या पुढं एका गावात तपासणी झाली. संध्याकाळी आदिलाबादला डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि एक बाजूला काढला. बयनाबाई, वय सदुसष्ट. हृदयाला लागून सावली होती. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळीच घेऊन या." बाईच्या घरी फोन लागेना. जीवन म्हणाला, मी गाडीवर जाऊन सांगून येतो.

सात वाजता तो निघाला. फोटो पिशवीत घालायच्या आधी त्यानं बल्बासमोर धरून फासळ्या मोजल्या. छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो. श्वास पूर्ण भरला की तो खाली जातो, आणि त्याच्या वर दहा फासळ्या दिसतात. बरोबर दहा होत्या.

"काका, पाहा," जीवन म्हणाला, "बाईनं श्वास किती मस्त धरला!"

तो पोचला तेव्हा सव्वाआठ झाले होते. दारात माणसं बसली होती. बाई दिवेलागणीला गेली होती. मुलगा भैंश्याहून यायचा होता, म्हणून सकाळपर्यंत ठेवलं होतं.

सून पंचफुला रडत सांगू लागली. "मोटारीतून आली तशी तोंड मिटून बसली, दादा. च्या नाई, पानी नाई. छातीवर हात ठेवे अन् रस्त्याकडं बोट दाखवे. आमाले वाटलं, दुखून राह्यलं. जीव गेला, पन छाती काई खाली बसली नाई. पाहा ना..."

जीवननं पाहिलं. लुगड्याखाली छाती फुगलेली होती.

आणि त्याला आठवलं. बयनाबाई यादीत शेवटची होती. तिच्यानंतर पुकारायला नावच नव्हतं. त्यानं यंत्र बंद केलं आणि खाली उतरला.

"मीच त्याले आवाज देल्ला होता," काका म्हणाले. "म्हटलं, ये बापू, च्या निवून राह्यला."



एक शब्द म्हणायचा होता. पण एवढ्या माणसांसमोर मेलेल्या बाईला "सोडा" कसं म्हणायचं? जीवन लाजला. हात जोडले. गाडीला किक मारली.

पावणेनऊ. सागाचं जंगल. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

गाडी मागून जड झाली. कोणी बसावं तशी. त्यानं मागं पाहिलं नाही.

थंड वारा आत आला. त्यानं श्वास घेतला. तो आत गेला... गेला... आणि थांबला.

बाहेर येईना.

फासळ्या ताणल्या. पडदा खाली दाबला गेला. फुप्फुसांमध्ये हृदय आवळलं. त्याला आपल्या छातीतलं सगळं जागच्या जागी कळत होतं. त्याचं काम होतं ते. पण हलवता काही येत नव्हतं.

कानाशी आवाज आला. म्हातारा. नम्र.

"सोडू का, बापू?"

त्यानं तोंड उघडलं. एकच शब्द. पण शब्दाला वारा लागतो. वारा आत अडकलेला.

"सोडू का?..."

तो ओठ हलवत राहिला.

"सोडू...?"

पहाटे दूधवाल्याला तो रस्त्याच्या कडेला सापडला. छातीशी पिशवी धरलेली. श्वास चालू होता. आवाज गेला होता.

"कुठं कुठं नेलं त्याले," काका म्हणाले. "छातीचे फोटो काढले. सगळे म्हनत, आत काईच खराबी नाई. हे सारं त्यानं मले वहीत लिहून देल्लं. बाईच्या वर्षश्राद्धाले आमी दोघं गेलो. तिच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसून त्यानं लई जोर लावला. पार घामाघूम झाला. नुसते ओठ हालले, पोरांनो."

"मंग तुमी म्हना ना, आबा," पूनम म्हणाली.

"दर अमावास्येले म्हनतो. माझं ऐकत नाई ते बाई. 'धरा' मी म्हटलं नव्हतं ना."

काका उठून आत गेले. एक पिवळं पाकीट घेऊन आले. "जीवनच्या पिशवीत सापडला. बाईचा फोटो. जीवननं मोजल्या तवा दहा फासळ्या होत्या. जीवन सापडला त्या सकाळी मी मोजल्या, तर अकरा. तवापासून अकराच हायेत. मोज."

पूनमनं मोबाईलचा दिवा मागं धरला. काळ्या फिल्मवर पांढऱ्या फासळ्या उमटल्या. मधे हृदय, वातीसारखं बारीक. खाली कोपऱ्यात नाव, वय, तारीख. पडद्याच्या वरच्या फासळ्या ती बोटानं मोजत खाली आली. नऊ. दहा. अकरा.

बोट थांबलं नाही.

तिनं फिल्म माझ्या हातात दिली. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

बारा.