डाव्या बाजूचा ब्रेक

गाडी पुसायला जुन्या बनियनसारखं फडकं नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्यामुळे रंगावर ओरखडा उठत नाही. गाडी विकायची ठरल्यावर मी ती रोज सकाळी पुसायला लागलो, आणि माझी लेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची.

"बाबा, रंग निघून येईल आता."

"येऊ दे. खाली आणखी एक आहे."

फिक्या निळ्या रंगाची, गोल दिव्यांची, चार दारांची गाडी. माझ्या तरुणपणची. तेव्हाचा पत्रा असा, की बॉनेटवर हत्ती उभा राहिला तरी पोचा येऊ नये. बरं. हत्ती नाही. मी स्वतः उभा राहिलो होतो एकदा, छतावरचा पतंग काढायला, आणि पोचा आला नव्हता.

माझं चष्म्यांचं दुकान होतं. ओळखीचे लोक मला भिंगवाला म्हणायचे, आणि त्यात धंद्याचा भाग थोडा, स्वभावाचा जास्त. माझ्या हातात आलेली गोष्ट मोठी होऊनच बाहेर पडते. ते मला मान्य आहे. पण भिंग घासणारा माणूस केसाइतकी चूकही सहन करत नाही, हेही ध्यानात ठेवा. पुढचं सगळं मी तशाच मापानं सांगणार आहे.

गाडी नावावर माझ्या होती, खरी माझ्या बायकोची. ती त्या गाडीत लोकांना ड्रायव्हिंग शिकवायची. बहुतेक बायकाच यायच्या. एक निवृत्त न्यायाधीशही आले होते, ते लायसन मिळेपर्यंत तिला घाबरून असत. डाव्या सीटसमोर तिनं दुसरा ब्रेक बसवून घेतला होता. रचना सोपी होती. डावीकडचा दाबला की सळईनं उजवीकडचा खाली जायचा. उजवीकडचा दाबला तर डावीकडचा जागचा हलायचा नाही. हे लक्षात असू द्या.

ती ओरडायची नाही. हात मांडीवर, पाय पेडलच्या किंचित वर. शिकणाऱ्याचं चुकलं की गाडी आपली थांबायची आणि ही म्हणायची, "हं. परत." ज्या दिवशी तिला एकदाही ब्रेक लावावा लागायचा नाही, त्या दिवशी घरापाशी आल्यावर ती स्वतःहून पेडल पूर्ण दाबून धरायची आणि म्हणायची, "उतरा. मी धरलाय." शिकणारा उतरून दार लावेपर्यंत पाय काढायची नाही. तेच तिचं सर्टिफिकेट. कितीतरी जणी त्या वाक्यावर रस्त्यातच रडल्या आहेत.

घरातही तिचा एक ब्रेक होता. जेवणाच्या टेबलाशी ती माझ्या डाव्या हाताला बसायची. चार माणसं जमली, माझी गोष्ट रंगात आली आणि हाताबाहेर जायला लागली, की टेबलाखाली तिचा पाय माझ्या पायावर यायचा. जोरात नाही. पण यायचा. मी "बरं" म्हणायचो आणि गोष्टीतल्या वाघाचं मांजर करायचो.

ती एका साध्या तापानं गेली.

नंतर मी गाडीचं सगळं काम करून घेतलं. पेडलांवरची रबरं पार गुळगुळीत झाली होती, ती नवी टाकायला सांगितली. मेकॅनिकनं विचारलं, "डाव्या बाजूला कशाला? तिकडे कोण दाबणारं आहे?" मी म्हटलं, "टाका. बरं दिसतं." डावी सीट तशीही रिकामीच राहिली. लेक, जावई, मित्र, सगळे जन्मभर मागे बसत आले होते, ते मागेच बसत राहिले. मी पुढे एकटा, भाड्याची गाडी चालवल्यासारखा.

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी. मागे लेक बसली होती. मी तिला काहीतरी सांगत होतो आणि सांगताना मान मागे वळवायची माझी खोड. तेवढ्यात गाडी थांबली. समोरून आडव्या रस्त्यानं दुमजली घराएवढा ट्रक गेला. बरं, ट्रक होता. पण नाकासमोरून गेला.

"लक्ष होतं वाटतं तुमचं," लेक म्हणाली. तिनं पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती.

माझं लक्ष नव्हतं. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. मी डावीकडे पाहिलं. तिकडचा ब्रेक तळाला टेकला होता. मग तो हळूहळू वर आला, कोणीतरी जपून पाय उचलावा तसा.

मेकॅनिकनं गाडी उलटीपालटी करून तपासली. सळई ठीक, तेल ठीक. पुढे असं वर्षातून काही वेळा होत गेलं. नेहमी माझ्या चुकीला, आणि नेहमी वेळेवर. मित्रांना सांगितलं तर ते टाळ्या देऊन हसले. "भिंगवाल्या, आजवरची सगळ्यात भारी हीच!" आयुष्यात एक गोष्ट न वाढवता सांगितली, तर तिलाच सगळ्यात जास्त हशा.

टेबलाखाली मात्र त्या सगळ्या वर्षांत काही नव्हतं. मी वाटेल तेवढं फेकू शकत होतो. त्यात मजा उरली नव्हती.

मग माझे डोळे गेले. म्हणजे मधले गेले. माणसाकडे सरळ पाहिलं की तोंडाच्या जागी पुसलेलं दिसतं आणि कान स्वच्छ. कडेकडेचं सगळं शाबूत. डॉक्टर म्हणाले, लिहावाचायला भिंग वापरा, गाडीला हात लावू नका. लेक म्हणाली, "ऐकलंत ना?" मी ऐकलं होतं. पण मला झोप लागेना ती वेगळ्याच गोष्टीनं. गाडी झाकून ठेवली तर गंजणार, आणि ही त्या गंजात बसून राहणार. विकली तर ही अनोळखी घरी जाणार. हा विचार मी लेकीला सांगितला नाही. जावयाला तर मुळीच नाही.

जाहिरात दिल्यावर घेणाऱ्यांची रांग कोपऱ्यापर्यंत लागली. बरं. तिघं आली.

पहिला हॉटेलवाला. त्याला गाडी मधोमध कापून पुढच्या अर्ध्या भागाचा काउंटर करायचा होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसरा हौशी संग्राहक, हातमोजे घालून आला. सगळं पसंत पडलं त्याला, फक्त म्हणाला, "हा डावा ब्रेक मूळचा नाही. आधी हा कापून टाकीन." मी म्हटलं, गाडी विकली गेली आहे. "कधी?" "आत्ताच."

तिसरी एक नर्स. बाळंतिणींच्या वॉर्डात काम करणारी, चाळिशीची, केस घट्ट बांधलेले. फाटकातून आत आली, गाडीपाशी थांबली, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले आणि मग बॉनेटवर ठेवले.

"थंडी वाजते का?" मी विचारलं.

"नाही हो काका. सवय. गार हातांनी बाळं दचकतात."

तिचे वडील अशीच गाडी चालवायचे, म्हणाली. ती सगळीकडे फिरली, वाकली, खाली झोपली, टॉर्च लावून आत डोकावली. मग डाव्या दारातून अर्धी आत शिरून तिनं डाव्या ब्रेकवर उजेड धरला.

"काका, इथे कोण बसतं?"

"कोणी नाही."

"बरीच वर्षं कोणी नाही?"

"ही गेल्यापासून कोणी नाही."

"तुमच्या पेडलचं रबर ठीक आहे," ती म्हणाली. "हे पार झिजलंय. टाचेकडून नाही, चवड्याकडून. रोज पाय ठेवल्यासारखं."

मी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं पाहिलं. नव्या रबरावरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. मधोमध एक गुळगुळीत लंबगोल.

मी तिला सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही. हसण्याची वाट पाहत थांबलो. तिनं टॉर्च बंद केला.

"मग त्यांना विचारलंत का, मला गाडी द्यायची का ते?"

"कसं विचारू?"

"मी चालवते. तुम्ही मागे बसा."

लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, पुढे बसा ना, रस्ता सांगायला." नर्सनं आणि मी एकदमच "नको" म्हटलं. लेकीनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि ती आत गेली.

फार छान चालवली हो तिनं. गिअर असा बदलायची की कळूही नये. बाजाराचा रस्ता, पूल, शाळेसमोरची गर्दी. मी मागच्या सीटवर मधोमध, पुढे सरकून बसून मुद्दाम तिच्या डोक्याकडे बघत राहिलो, म्हणजे डोळ्याच्या कडेला डावा ब्रेक दिसावा. तो हलला नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची होती, तिथे माझाच जीव वर आला. हलला नाही. परतताना मी तिला हसवायला न्यायाधीशांची गोष्ट सांगितली. तिनं मान वळवली नाही. समोर बघूनच हसली.

घरापाशी तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. तिचा पाय ब्रेकवरून निघाला, मला दिसला.

आवाज बंद झाले. इंजिन गार होताना टिकटिक करतं, तेवढंच.

डावा ब्रेक खाली गेला.

झटक्यानं नाही. सावकाश, तळापर्यंत. आणि तिथेच राहिला.

नर्सनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ते दोन्ही मागे होते. उजवा ब्रेकही खाली गेला होता.

"काका," ती हळूच म्हणाली. "काय करू?"

मी पुढच्या सीटची कड धरली. मग म्हटलं,

"उतरा. तिनं धरलाय."

ती उतरली. दार लावलं.

ब्रेक वर आला.

मग डावी सीट वाजली. जुन्या स्प्रिंगा वाजतात तशी. तिच्यावरचा दाबलेला खोलगट भाग, जो मला इतकी वर्षं सीटचाच आकार वाटत होता, तो हळूहळू भरत वर आला. सीट सपाट झाली. दार उघडलं नाही.

मी मागे एकटाच बसलो होतो. रडत होतो, पण वाईट वाटून नाही. पास करणारीनं पास केलं होतं.

गाडी रविवारी गेली. किल्ली देताना मी नर्सला एवढंच म्हटलं, तो ब्रेक काढू नका. ती म्हणाली, "काढायचा कशाला? माणसाची आठवण अशी उपटून टाकत नाहीत." जाताना तिनं हॉर्न वाजवला नाही, फक्त हात बाहेर काढून हलवला. लेकीनं मला बाजारातून घरात वापरायला नव्या सपाता आणून दिल्या, जाड कापडाच्या. "आता बाहेर जायचं नाही, तर पाय तरी गरम ठेवा."

घर फार मोकळं वाटलं. मी मनाची समजूत घातली, की ही चांगल्या हातात आहे. तिला काम आहे.

नर्स फोन करते. परवाही केला. गाडी झकास आहे, पावसात झाकते, गेल्या महिन्यात रात्रपाळीला पोचायला दुसरं काही नव्हतं तेव्हा हीच उपयोगी पडली, आणि एक बाळ वाचलं. "तुमचे आभार कसे मानू, काका?" मी म्हटलं, उलटं आहे, मी मानायचे. मग तिनं जरा थांबून विचारलं, "एक सांगू? तो ब्रेक एकदाही हलला नाही हो. आणि सीटही अगदी सपाट आहे. त्यांना माझ्याकडे आवडलं नाही का?"

"तसं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला गरज नाही."

फोन ठेवला आणि इथे टेबलाशी येऊन, भिंग लावून, हे लिहायला बसलो. नर्सचे आभार मानायला म्हणून सुरू केलं. तिच्यामुळेच तर ही गाडीतून मोकळी झाली. हत्तीपाशी एकदा थांबलो, ट्रकपाशी एकदा, रांगेपाशी एकदा. बाकी सरळ लिहिलं, कारण बाकीच्या वेळी काही झालं नाही.

आत्ता लेक खाली बसून टेबलाखाली केर काढते आहे. तिनं माझी डावी सपात उचलून उजेडात धरली आहे.

"बाबा, ही नवी आहे ना? सपाता खालून झिजतात. ही वरून कशी झिजली?"