हारेनदामचा ठसा

समुद्राने हॉलंड गिळल्याला साठ वर्षं झाली होती. तिथून निघालेल्या सहाशे कुटुंबांना साताऱ्याजवळच्या एका पठारावर जागा मिळाली आणि त्यांची नातवंडं आता मराठीतूनच भांडत. आपलं बुडालेलं हारेनदाम गाव पठारावर जसंच्या तसं पुन्हा बांधायचं, असं वस्तीने ठरवलं आणि ते काम डॉ. अश्लेषा वैशंपायनच्या गळ्यात पडलं.

गावाचे फोटो संगणकांबरोबरच पाण्यात गेले होते. टिकला तो चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला जुना कागद. सतराव्या शतकात कुणा चित्रकाराने हारेनदामची एकतीस अम्लरेखनं केली होती. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. मेण निघालेल्या रेघा आम्ल कोरून काढतं. मग त्यांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा. ते पत्रे केव्हाच वितळवले गेले, पण ठशांच्या प्रती वस्तीत घरोघरी टांगलेल्या होत्या. गावही असं हट्टी की पाचशे वर्षांत फारसं बदललं नव्हतं. अश्लेषाच्या यंत्राने त्या रेघांवरून अंतरं आणि उंच्या काढल्या आणि एका दालनात चालता येईल असं गाव उभं केलं. पायांखाली सरकती जमीन, हाताला लागणाऱ्या भिंती, खारा वारा, चर्चची घंटा, सगळं. त्याला ती 'रेखाग्राम' म्हणे.

जुन्या गावात वाढलेली बारा माणसं अजून हयात होती. त्यांनी ओळख पटवली की पाया खणायचा. अकरा जण डोळे पुसत बाहेर आले. बाराव्या ग्रीतआजी. पुराच्या घाण पाण्याने त्यांची दृष्टी बाविसाव्या वर्षीच गेली होती. त्या बांधावरून उतरल्या, डावीकडे वळल्या आणि थेट भिंतीवर आदळल्या.

"माझं घर डावीकडं हाय," त्या कपाळ चोळत म्हणाल्या. "समदं उलटं केलंय तुम्ही."

वस्तीच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. साक्षीदारांतून नाव कमी करावं आणि आजींना एकटं राहू देऊ नये, असा कागदही तयार झाला. अश्लेषाला ते पटेना. तिने पुण्याच्या दिगंबर सुतारांना फोन लावला. ते स्वतः असे ठसे काढत.

"पत्र्यावर जसं दिसतं तसं काढलं, तर कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटणारच," सुतार म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही हेच शिकवतो. तुमच्या यंत्राला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? या कामावरच्या चाळीस तज्ज्ञांत शाईने हात माखलेला एकही नव्हता. अश्लेषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने दालनातलं गाव डावं-उजवं पालटलं. आजी बांध उतरल्या, डावीकडे वळल्या, काठी न टेकता एकवीस पावलं चालल्या आणि दाराच्या कडीवर हात ठेवून रडल्या.

"मग त्या अकरांना कसं न्हाई कळलं?" त्यांनी विचारलं.

"आठवण पेटीत घडी घालून ठेवलेली नसते, आजी. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने विणतो. ते साठ वर्षं भिंतीवरचे ठसे बघत आठवत होते. तुम्हाला ठसे दिसले नाहीत, म्हणून तुमची आठवण शाबूत राहिली."

अकरा जणांना पालटलेल्या गावात नेलं, तर ते भेदरले. "हे आमचं गाव न्हाई," त्यांच्यातले पीटरकाका हुंदके देत म्हणाले. बारा साक्षीदारांचं मतदान झालं. अकरा विरुद्ध एक. गाव ठशाप्रमाणेच बांधायचं ठरलं. अश्लेषाने भांडून स्मृतिभ्रंशाचा तो कागद तेवढा रद्द करून घेतला.

"बरोबर गावात एकटी राहून काय करू?" आजी म्हणाल्या. "माणसं तिकडं हायेत. शिकीन मी."

त्या रोज दालनात येऊन उलट्या गावात चालायचा सराव करू लागल्या. दोन महिन्यांनी पायाचा दगड बसला. त्या दिवशी अश्लेषाने सहज विचारलं, "आजी, बुडालेल्या हारेनदाममध्ये तुमचं घर कुठल्या बाजूला होतं?"

"उजवीकडं," आजी लगेच म्हणाल्या.

अश्लेषा थांबली. आता त्या चूक सुधारतील, मग सुधारतील, म्हणून वाट पाहत राहिली. तिला मनातून भीती वाटली. जगात हे विचारावं असं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"का गं?" आजींनी विचारलं. "चुकलं काय माझं?"

"नाही," अश्लेषा म्हणाली.