बदली आली न्हाई

बॅटरी बंद कर रं आधी. म्हाताऱ्याच्या डोळ्यावर मारतोस व्हय? गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा उजेड बास हाय. काहील उतरायला अजून लई येळ हाय. तुम्हांस्नी झोप न्हाई, मलाबी न्हाई, मग ऐका. पण मधी कुणी ‘खरंच का आण्णा’ केलं तर उठून जाईन, सांगून ठेवतो. खरं का खोटं ते माझ्या मेव्हण्याला, कृष्णातला इचारा. गगनबावड्याला यष्टी स्टँडाजवळ त्याचं चहाचं हॉटेल हाय. ज्याच्यावर हे बेतलं त्यो दिलदार त्याच्याच बाकड्यावर बसून सगळं बोलला. दिलदारला मीबी चांगला वळखत हुतो. कोल्हापुरात सदर बाजारातला टरकवाला. असा माणूस न्हाई बघाय मिळायचा आता.

दिलदारचा बाप लवकर गेला. मागं आई फातिमा आणि धाकटा भाऊ निसार. दिलदारनं सोता शाळा सोडून स्टेअरिंग धरलं आणि धाकट्याला शिकवलं. पोरगं लई हुशार निघालं. पंचगंगेपरास मोठं पाणी न बघितल्यालं पोरगं, आणि झालं काय, तर मालाच्या जहाजावर अफसर! वर्सा-दीड वर्सानं घरी यायचा तवा अख्खी गल्ली दारात गोळा व्हायची. त्यात आणि त्यानं नौदलाच्या राखीव दलात नाव घातल्यालं. म्हंजे कसं, एरवी मालाच्या जहाजावर नोकरी करायची, मधनं मधनं नौदलाकडं जाऊन शिकून यायचं, आणि लढाई लागली की नौदल बोलवंल तसं जायचं. दिलदार त्याला चिडवायचा, “म्हंजे तू सरकारची स्टेपनी हैस की रं! पंक्चर झालं की आठवण!” निसार हसायचा. फातिमाला ती चेष्टा कधी आवडली न्हाई.

एकाहत्तरच्या लढाईचं वारं सुटलं आणि स्टेपनीला बोलावणं आलं. दिलदारनंच त्याला स्टेशनावर सोडला. पुढं पंधरा दिवसांत लढाई सपलीबी. गल्लीत पेढं वाटलं. आणि पेढं वाटून झाल्यावर तार आली. निसार बेपत्ता.

मेला न्हाई हं, बेपत्ता. मेला म्हणून कळलं असतं तर माणूस रडून मोकळं हुतंय. बेपत्ताला काय करायचं, सांगा की.

काही दिवसांनी निसारची ट्रंक घेऊन एक अफसर घरी आला. रत्नागिरीकडचा, राखीव दलातलाच, निसारच्याच जहाजावरचा. दिलदारची बायको नजीरा, तिनं चहा दिला. पठ्ठ्या कप हातात धरून बसला, प्याला न्हाई. शेवटाला म्हणला, “जहाजावर ड्यूटी आपली आपण सोडता येत नाही. बदलीचा माणूस वर यायला हवा. समोर उभा राहून त्यानं ‘घेतली’ म्हणायला हवं. तोवर कितीही झोप येवो, जागा सोडायची नाही. त्या रात्री निसारची ड्यूटी बाराला सुरू झाली. चार वाजता त्याची बदली मी होतो. मला जागच आली नाही हो. धावत वर गेलो, तर सुकाणूवाला म्हणाला, साहेब बाहेर कठड्याशी आहेत. बाहेर कुणी नव्हतं. समुद्र सपाट, वारा नाही, काही नाही. मी ड्यूटी घ्यायला गेलो, पण द्यायला माणूसच नव्हता.”

एवढं बोलून ढसाढसा रडाय लागला. दिलदारनंच त्याच्या पाठीवर हात फिरवला. फातिमा भिंतीकडं त्वांड करून बसली हुती, ती वळलीबी न्हाई.

तवाधरनं म्हातारी अंथरुणाला पाठ लावंना. दाराला टेकून बसायची, आणि तशीच डुलकी काढायची. म्हणायची, “पोरगं येईल आणि मी घोरत पडलेली असंन, मग?”

आता ती रात सांगतो. साल बहात्तर, दुष्काळाचं. भादव्याची पुनव. दुसऱ्या दिवशी आपला म्हाळ, पितरांचा पंधरवडा, लागणार, आणि त्याच राती मुसलमानांची शब-ए-बरात. गेलेल्या माणसांच्या नावानं हलवा करायचा आणि फातिहा पढायची, ती रात. त्या साली दोन्ही एकाला एक लागून आलतं. दिलदारला खारेपाटणला कांद्या-बटाट्याची पोती टाकून यायची हुती. सकाळी निघता निघता त्यो भीत भीत म्हणला, “अम्मा, औंदा अब्बांच्या बरोबर निसारचंबी नाव घेऊया का?”

फातिमा कडाडली. “जित्याच्या नावानं फातिहा? जीभ झडंल तुझी! मैयत बघितलीस त्याची? माती दिलीस? आधी घेऊन ये त्याला, मग नाव घे.”

दिलदारबी वैतागला हुता. नऊ म्हयनं ह्योच इषय. आई जेवत न्हाई, निजत न्हाई, डोळ्यांदेखत वाळत चाललीया, आणि आपल्या हातात कायबी न्हाई. त्याच्या तोंडातनं निघून गेलं, “आणतो की! आज रातीलाच आणतो!”

फातिमानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. नजीरा म्हणली, “असलं बोलून निघू नगा हो.” पण दिलदारनं टरक चालू केल्याला.

खारेपाटणला माल उतरला. गाडीवरचा पोरगा, किन्नर, गावाला गेलता, म्हणून दिलदार एकटाच. रिकामी गाडी घेऊन त्यो घाटाला लागला. वर यायला बारा वाजून गेलं. पुनवंचं चांदणं असूनबी धुकं असलं दाट, की हेडलाईटचा उजेड बॉनेटफुडं जाईना. खिडकीतनं डोस्कं भायेर काढून, पयल्या गिअरवर गाडी वर चढवत हुता. शेवटच्या वळणावर, दरीच्या कडंला, एक माणूस उभा. पांढरी कापडं. रस्त्याकडं पाठ.

“ओ पावणं!” दिलदार वरडला. “कडंला उभं ऱ्हाऊ नगासा, माती ढासळतीया!”

माणूस हलला न्हाई.

दिलदारनं ब्रेक दाबला. खाली उतरला. चार पावलं गेला...

“भाई,” त्यो माणूस म्हणला. मान न वळवता. “किती येळ लावलास...”

दिलदार जागीच थांबला. भ्यानं म्हणाल तर न्हाई. कृष्णातला त्यो म्हणला, आयुष्यात एवढा आनंद कधी झालता आठवत न्हाई. नऊ म्हयनं ज्याची वाट बघितली त्यो भाऊ समोर उभा! धावला. हात धरला. हात गार... रांजणात बुडवून काढल्यागत.

“निसार! अरं मेल्या, कुठं हुतास? चल. गाडीत बस. अम्मा दारात बसलीया.”

वढला. हलंना. ह्यो टरकवाला गडी, पोत्याची थप्पी एकट्यानं रचणारा. पण रस्त्यावरचा मैलाचा दगड वढावा तसं झालं.

“बदली आली न्हाई, भाई.”

“कसली बदली? लढाई सपली!”

“मला कुणी सांगितलं न्हाई...”

खाली दरीत धुकं. त्याच्या पल्याड कोकण, आणि त्याच्या पल्याड कुठंतरी समुद्र. निसार तिकडंच बघत हुता. पापणी लवत नव्हती.

“झोप येतीया, भाई... लई. डोळं मिटता येत न्हाईत.”

आता बघा. टरकवाल्यांची एक रीत हाय. लांबच्या पल्ल्याला दोघं डायव्हर असत्यात. एक पेंगाय लागला की दुसरा इचारत बसत न्हाई. ‘सरक, आण हिकडं’ म्हणतो आणि चाकावर बसतो. दिलदारनं जन्मभर तेच केल्यालं. दुसऱ्याची झोप त्याला बघवायची न्हाई. आणि ही तर धाकट्या भावाची झोप.

“सरक,” त्यो म्हणला. “मी उभा ऱ्हातो. तू घरी जा.”

निसारची नजर दरीवरनं हटली न्हाई.

“आरं सरक म्हणतो न्हवं!”

“नगं, भाई...”

“का नगं? मी थोरला हाय का तू?”

मग निसारची मान वळली. पयल्यांदाच. दिलदारनं त्यो चेहरा बघितला... पण तेवढं मातर त्यानं कृष्णातला सांगितलं न्हाई. इचारलं तरी न्हाई सांगितलं.

“मग... घेतली म्हण.”

“घेतली,” दिलदार म्हणला.

टरकाचं इंजिन बंद पडलं. आपोआप.

शेजारनं बुटांचा आवाज गेला. टक... टक... कोल्हापूरच्या दिशेनं. भाऊ कसा जातोय ते बघावं म्हणून दिलदारनं मान वळवली.

मान वळली न्हाई.

...

पाण्याचं हांडं घेऊन कृष्णात सकाळी तिकडनं येत हुता. बघतो तर टरक रस्त्याच्या मधोमध, बॅटरी उतरून हेडलाईट पार पिवळं पडल्यालं. आणि दिलदार कडंला उभा. चिंब भिजल्याला, दरीकडं बघत. कृष्णातनं खांदा हलवला तवा भानावर आला. “उजाडलं व्हय?” म्हणला. “आत्ताच तर उतरलो की गाडीतनं.” त्याला हॉटेलात आणला, चहा दिला. सगळं सांगितलं त्यानं. सांगताना हसत हुता लगा! “पोचला असंल आत्तापातूर,” म्हणला. “चारजणं धक्का मारा, मी निघतो.”

सदर बाजारात आला, तर फातिमा दारात न्हाई. आत बघतो, तर भिंतीला टेकून बसलेली, पाय पसरलेलं, आणि मांडीवर हात फिरवतीया. मोकळ्या मांडीवर.

“आलता,” ती म्हणली. “हलवा खाल्ला. दारात उभ्या उभ्याच खाल्ला. मग हितं डोस्कं ठेवलं आणि निजला. लेकरू किती दिसाचं जागं हुतं रं... पहाटं माझा डोळा लागला. बघते तर न्हाई.”

दिलदारचं डोळं भरून आलं. “म्या म्हणलं नव्हतं, आणतो म्हणून?”

फातिमा त्याच्याकडं बघंना. नजीरा चुलीपाशी उभी हुती, तीबी बघंना.

“निजायच्या आधी एक बोलला,” म्हातारी म्हणली.

“काय?”

“म्हणला... अम्मा, भाईच्या नावानं फातिहा पढ.”

आता पढायची कशी? ज्याच्या नावानं पढायची त्यो समोर उभा. चहा मागतोय, पाणी मागतोय, जित्ता.

त्या दिसापासनं दिलदारला झोप न्हाई. म्हंजे कमी न्हाई, अजिबात न्हाई. दिवसा टक्क उघड्या डोळ्यानं पडून ऱ्हायचा. रातीचं बारा वाजलं की उठायचा, उंबऱ्याभायेर जाऊन पश्चिमेकडं त्वांड करून उभा ऱ्हायचा. पहाटं चार वाजलं की त्याची मान वळायची, मागं बघायची. कुणी येतंय का. कुणी यायचं न्हाई. मग कवातरी उजाडल्यावर त्यो आत यायचा. डाक्टर झालं, दर्ग्यावर नेऊन आणला, वाडीला दत्ताच्या पायावर घातला. वजन निम्म्यावर आलं. नजीरा त्याचा पाय आपल्या पदराला बांधून निजायची. सकाळी पदर फाटल्याला असायचा.

एका राती तिला सोसंना. ती भायेर आली, त्याच्या म्होरं उभी ऱ्हायली. बाईमाणूस, नवरा डोळ्यांदेखत सरत चाललाय, काय करावं तिनं? म्हणली, “तुम्ही आत जावा. जरा पडा. मी घे...”

दिलदारनं तिच्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात, की व्हटातनं रगत आलं. आणि ह्यो गडी, जो बाप गेला तवा रडला न्हाई, त्यो तितं उंबऱ्यावर तिच्या पायाशी बसून लहान पोरागत रडला. “ते नगं म्हणू,” म्हणला. “तुला माझी आण हाय. कुणीबी म्हणू नगा. अम्मालाबी सांग.”

त्याच्या ध्यानात आलतं, पोरांनो. ह्या घरात त्याच्यावर माया करणारी दोनच माणसं. आज न्हाई तर उद्या त्यातली एक ती ड्यूटी घेणार. जसं त्यानं घेतली तसंच. मायेनंच घेणार.

दुसऱ्या दिवशी सांजच्या शेवटच्या यष्टीनं त्यो गगनबावड्याला उतरला. कृष्णातनं हाक मारली, “दिलदारभाई, चहा!” त्यो थांबला न्हाई. घाटाच्या वाटंनं चालत गेला. सकाळी माणसं धाडली, दोर लावून दरीत उतरली. काय घावलं न्हाई. चपलीचा पट्टाबी न्हाई. चौकीत लिवलं, बेपत्ता.

फातिमा पुढं सात वर्सं जगली. दर शब-ए-बरातीला हलवा करायची. निसारच्या नावानं पढायची न्हाई, तर दिलदारच्या नावानं कशी पढणार? ताट तसंच झाकून ठेवायची, आणि सकाळी गाईला घालायची. नजीरा अजून हाय. शिवणकाम करती. दिवा मालवल्यावर ती कुणाशी एक शबुद बोलत न्हाई.

एक आणि सांगायचं ऱ्हायलं. पुढल्या पावसाळ्यात कृष्णात त्या वळणावर गेलता. बावड्याचा पाऊस तुम्हांला ठाव हाय. आठ दिस सूर्य न्हाई, रस्त्याचा वढा झाल्याला. सगळीकडं पाणी. आणि दरीच्या कडंला, अगदी टोकाला, दोन पावलांएवढी माती कोरडी. नुसती कोरडी न्हाई, उनाळ्यातल्यागत फुफाटा. बोटं पश्चिमेकडं. कृष्णातनं हातातल्या हांड्यातलं पाणी त्यावर वतलं.

पाणी बाजूनं वाहून गेलं.