अंड्यांच्या पेटीतला खोकला

आपल्या मेलेल्या नातीच्या नावाने कोणी खोट्या गोष्टी रचत नाही. म्हणून सांगतो ते जसे घडले तसेच घ्या.

डिसेंबर २०१६. घोलवडच्या चिकूवाडीतले एक भाड्याचे घर. रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

त्या घरात दक्षाबेनची प्रयोगशाळा होती. डॉक्टरेट झाल्यावर त्या फ्लूच्या विषाणूवर संशोधन करत होत्या. विषाणूला एकट्याने वाढता येत नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून आपल्यासारखे हजारो करवून घेतो. कसे, ते बेन शोधत होत्या. त्यासाठी त्या तो कोंबडीच्या अंड्यांत वाढवत.

त्यांच्या हाताखाली माझे काम सोपे. अंडे दिव्यासमोर धरायचे. आत लाल शिरा दिसल्या तर पिल्लू जिवंत. नाही दिसल्या तर पेन्सिलीने फुली.

त्या दिवशी शेवटचा ट्रे होता. सगळ्यांवर फुली पडली. बेन नोंद करेपर्यंत मी ट्रे परत उबेच्या पेटीत ठेवून दार लावले.

आणि पेटीतून...

कोणीतरी खोकले.

बारीक खोकला. तीनदा. मग शिट्टीसारखा श्वास...

असे फक्त आमची सुकी खोकायची. माझी नात. आदल्या वर्षी तलासरीला तापात गेली.

"बेन, ऐकलंत?"

"काका, पिल्लं खोकत नाहीत."

"ते मला ठाऊक आहे. जन्मभर कोंबड्या पाळल्यात. हा विषाणू कोणाच्या घशातला?"

"नाव नसतं, काका. नुसता नंबर."

तरी त्यांनी वही उघडली. वाचता वाचता थांबल्या.

"तलासरी. मुलगी. वय सहा... ऑगस्ट २०१५."

सुकीच्या घशातला नमुना घेतला, तेव्हा कागदावर सही मीच केली होती.

"काका, हा विषाणू आहे. ती नाही," बेन हळू म्हणाल्या. "आज हे सगळं वाफेच्या भांड्यात नष्ट करायचंय. तुम्ही घरी जा. मी करते."

मी गेलो नाही. पेटीजवळ तोंड नेऊन विचारले, "सुके, पाणी पायजे का गो?"

आत पुन्हा सुरू झालेला खोकला थांबला... कोणी कान देऊन ऐकावे तसा.

मी ट्रे उचलून भांड्यात ठेवला. अंडी अजून कोमट होती.

झाकण मीच लावले. परक्या हातांनी नको, म्हणून.

वाफ सुटली. दुसरा काही आवाज नाही.

संध्याकाळी घरी पोचलो. माझी बायको रखमी ओट्यावर बसली होती. मी तिला काही बोललो नव्हतो.

"आज पोरगी खोकली नाय," ती म्हणाली.

"कोण पोरगी?"

"आपली सुकी. रोज तीनला खोकते घरात. तू कामावर असतो. तुला कसं सांगणार?"

पुढे बेनचे काम संपले. जाताना म्हणाल्या, त्या विषाणूची एक कुपी दूरच्या शहरात गोठवून ठेवली आहे. उणे ऐंशी अंशांत. तिथे तो वर्षानुवर्षे टिकतो.

रखमी अजून रोज तीनला कान लावून बसते. त्या कुपीचे मी तिला सांगितलेले नाही.

सुकीला थंडी सोसत नव्हती...