गराड्यांचं खातं

भात संपला म्हणजे काय? रिकामं ताट घेऊन मी कॅन्टीनच्या खिडकीशी उभी होते आणि भागुबाई मावशी मला पातेल्याचा तळ दाखवत होत्या.

"सकाळी तुमच्या मशीनचा कागदच न्हाई आला. आज माणसं किती, मला काय सपान पडतंय? टाकला अंदाजानं!"

"माझ्यातला अर्धा घ्या." पुढच्या तरुणानं वळून ताट पुढे केलं. डोळे हसरे होते... पण मला भूक लागली होती, आणि राग त्याहून जास्त आला होता.

१९७९ साल. कान्हे स्टेशनाजवळच्या आमच्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्यावर कोणाला खातं द्यायचं, म्हणजे स्वतःच्या नावानं मशीन वापरू द्यायचं, कोणाचं बंद करायचं, हे काम माझ्याकडे, नव्यानंच लागलेल्या मुलीकडे. माणसाची बदली झाली की त्याचं खातं बंद, असा नियम. पुण्याच्या ऑफिसात बदलून गेलेल्या एकाचं मी आदल्या दिवशीच बंद केलं होतं.

"हनुमंत गराडे म्हणे!" त्याच्यातला अर्धा भात खाता खाता मी त्या तरुणाला सांगत सुटले. "सकाळी आपोआप चालणारी सगळी कामं पठ्ठ्यानं स्वतःच्या नावावर लावून ठेवलीत. खातं बंद केलं, तर कारखाना उपाशी!"

"असतात काही माणसं अशी," तो गंभीरपणे म्हणाला. "दिसायला कसा आहे?"

"मला काय ठाऊक! नाव हनुमंत... शेपूटही असेल."

"अगं नंदे," मावशी खिडकीतून ओरडल्या, "ह्योच की त्यो! सामान न्यायला आलाय पुण्याहून!"

घास घशातच अडकला. त्यानं मुकाट्यानं पाण्याचा पेला पुढे केला.

मला त्याचं खातं पुन्हा उघडावं लागलं. साहेबांनी बजावलं, "केदारी, महिनाअखेर हे खातं पुसलं गेलं पाहिजे आणि एकही काम अडता कामा नये. नाहीतर मशीन दुसऱ्याकडे, तुम्ही टायपिंगला." आमच्या औंढे गावातली पहिली पदवीधर मुलगी मी. वडिलांनी, आबांनी, भावकीशी भांडून मला शिकवलं, ते काय दुसऱ्यांची पत्रं बडवायला?

मग गराडे पुण्याहून लोकलनं येऊ लागले. एकेक काम त्यांच्या नावावरून काढायचं, आणि त्या कामाचंच खातं उघडायचं.

"अहो केदारीबाई, कामाला कुठे नाव असतं?"

"असतं! गेटवरचा रखवालदार बदलतो, म्हणून कंदील घरी नेतो का? कंदील गेटचा. तसं हजेरीचं खातं हजेरीचं. ते हजेरीच बघेल, भांडारात डोकावणार नाही. पासवर्ड पाकिटात, पाकीट साहेबांच्या कपाटात."

"आणि एखाद्याला डोकावावंसं वाटलं तर?"

"कुठे?"

ते मशीनकडे नाही... माझ्याकडे बघत होते. मी उगाच तीच ओळ पुन्हा टाइप केली आणि मशीन ओरडलं.

पण यादी संपेचना. मारुतीचं शेपूटच ते! आज संपलं म्हणावं, की दोन दिवसांनी हे दारात हजर. "अजून एक काम राहिलंय." कधी रंगाचे डबे, कधी रद्दीचा हिशोब. मी चिडायची, फणकारायची... आणि लोकलची वेळ झाली की खिडकीतून रस्ता बघायची. स्वतःचाच इतका वैताग मला कधी आला नव्हता.

शेवटी मी आमच्या धंद्यातली रीत वापरली. खातं पुसायच्या आधी त्याला गुपचूप कुलूप लावायचं, आणि कोण ओरडतंय ते ऐकत बसायचं. आठवडा गेला. कोणीच ओरडलं नाही.

"मावशी, भात कमी नाही ना पडला?" मी रोज विचारायची.

"न्हाई गं बाई! पडावा असं वाटतंय का तुला?"

वाटत होतं. खरंच वाटत होतं.

शनिवारी गराडे आले. "अजून एक काम राहिलंय."

"कोणतं?"

"ते... जुन्या खोक्यांचं."

"तुमच्या खात्याला आठवडाभर कुलूप आहे, गराडे! सगळं चाललंय. माझी नोकरी टांगणीला, आणि तुम्ही खोकी मोजताय?"

त्यांचा चेहरा पडला. "चुकलं माझं. काम संपलं, तर तुमच्याकडे यायचं काय म्हणून... एवढाच विचार केला. तुम्ही आवडता मला. पुसा ते खातं. आत्ताच."

मी पुसलं.

"आता इथं तुमच्या नावाचं काही राहिलं नाही," मी म्हणाले. "यायचं असेल, तर उद्या औंढ्याला या. आबा घरीच असतात. त्यांना खोक्यांचं सांगू नका, सरळ काय ते सांगा!"

"म्हणजे... तुम्हालाही..."

"जेवायला चला आधी!"

खिडकीशी मावशींनी माझं ताट वाढलं आणि गराड्यांकडे बघून हात हलवला. "ह्यांला आजच्या कागदात धरलं न्हाई. ह्यांचं ताट न्हाई."

"असू दे मावशी," मी म्हणाले. "माझ्यातला अर्धा द्या."