डाव्या कानातला भाव

आवाज मी आधी ओळखला, माणूस नंतर.

ऑफिसातून निघाले आणि कोपऱ्यावर पावसाने गाठलं. छत्र्यांच्या एका चिंचोळ्या दुकानात शिरले, तर माझ्यापुढे एक उंच, थोडासा पोक काढून उभा असलेला माणूस घासाघीस करत होता. घासाघीस कसली, शरणागतीच ती. दुकानदाराने किंमत सांगितली. हा म्हणाला, "थोडं कमी होईल का?" दुकानदार म्हणाला, "नाही." हा म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'ने मी दचकले. कारण रोज सकाळी तो माझ्या डाव्या कानात येत होता.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही भलतंच काही समजाल. मी एका म्युच्युअल फंडात डीलर आहे. आमचा फंड लोकांकडून महिन्याला थोडे थोडे पैसे घेतो आणि विकसनशील देशांच्या चलनांत गुंतवतो. हे देश आज धडपडतायत, उद्या पुढे जातील, त्यांचं चलन वधारेल आणि तोवर व्याजही बरं मिळेल, असा आमचा हिशेब. कधी तो जमतो, कधी तोंडावर आपटतो. ही चलनं घ्यायची बँकांकडून. त्यासाठी मी सकाळी दोन बँकांना एकदम फोन लावते, एक रिसीव्हर उजव्या कानाला, एक डाव्या. मला घ्यायचंय की विकायचंय हे आधी सांगायचं नाही, अशी आमच्या धंद्याची रीत. समोरच्याने घेण्याचा आणि विकण्याचा, असे दोन्ही बाजूंचे भाव सांगायचे आणि मी कुठलाही धरला तरी शब्दाला जागायचं. ज्याचा भाव चांगला, त्याला मी 'डन' म्हणते, की सौदा पक्का.

डाव्या कानातल्या माणसाचं बटण फोनवर दुसरं होतं, म्हणून मी त्याला 'दोन नंबर' म्हणायचे. घरी एकदा हे नाव तोंडातून निसटलं, तेव्हा आईने भुवया चढवून विचारलं, "काय गं, तुमच्याकडे सरळ मार्गाने काही होतच नाही का?"

तर तो दोन नंबर असा अचानक, सबंध, ओल्या केसांचा, माझ्यापुढे उभा होता. मला राहवलं नाही. मी मागूनच म्हणाले, "दोन्ही बाजू सांगा."

तो वळला. चष्म्यावर वाफ धरली होती. तो काढून पुसला, पुन्हा घातला, तरी विश्वास बसेना.

"फंडवाल्या... मॅडम?"

"कोट्यवधींचे सौदे करता आणि एका छत्रीला 'बरं' म्हणता?"

"ते कोट्यवधी बँकेचे असतात. छत्री माझी आहे."

"मग तर जास्त भांडायला हवं."

"स्वतःसाठी मागायला..." तो जरा ओशाळून हसला. "मला जमत नाही ते."

मग मीच पदर खोचून भांडले. दुकानदाराने भाव उतरवला, पण हातात दिली ती एक काडी वाकलेली छत्री. त्याच एका छत्रीतून आम्ही बस थांब्यापर्यंत गेलो. वाकलेल्या काडीची बाजू त्याने स्वतःकडे घेतली होती आणि सगळं पाणी त्याच्या खांद्यावर ठिबकत होतं. हे माझ्या लक्षात आलंय, ते मी त्याला कळू दिलं नाही.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी आम्ही थांब्यापर्यंत बरोबर चाललो. तो कमी बोलायचा, मी त्याच्या वाटणीचंही बोलायचे. फोनवर मात्र दोघांच्याही तोंडाला कुलूप. कारण आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात आणि नियंत्रण विभागात एक बाई हेडफोन लावून ते ऐकत बसतात. निवृत्तीला आलेल्या, करारी, हसणं जपून वापरणाऱ्या. सगळं ऑफिस त्यांना 'कानसेन मॅडम' म्हणतं, अर्थात त्यांच्या मागे. त्यामुळे आमची फोनवरची मजल एवढीच—

"तिकडे हवा कशी आहे?"

"ढगाळ. छत्री आणलीय."

एवढ्यावर माझा अख्खा दिवस छान जायचा. खरंच सांगते, मी प्रेमात पडले होते. ते मी स्वतःशीही मोठ्याने म्हणत नव्हते, एवढंच.

मग तो दिवस आला. तांबं विकून जगणाऱ्या एका दूरच्या देशात रात्रीत सरकार गडगडलं आणि सकाळी त्याचं चलनही. आमच्या साहेबांनी ठरवलं, देश काही बुडणार नाही, स्वस्तात मिळतंय तोवर घ्या. तेवढ्यात मावशीचा फोन. मावशीचं शिवणकामाचं दुकान आहे आणि महिन्याच्या महिन्याला ती आमच्या फंडात पैसे टाकते. आजारी माणसाची चौकशी करावी तशी तिने विचारलं, "कसे आहेत गं माझे पैसे?"

"पडलेत, मावशी. अजूनही पडतील कदाचित."

"पडू देत. पोरींचे कपडे शिवताना शिवणीत जास्तीचं कापड मी उगाच सोडते का? आज ढगळ दिसतं, पण अंग भरतंच. तू आहेस ना तिथे, मग मला घोर नाही."

मी फोन ठेवला आणि दोन रिसीव्हर उचलले. उजव्या कानात भाव आला. डाव्या कानात भाव आला. उजवा चांगला होता. फरक केसाएवढा, पण चांगला म्हणजे चांगलाच. एरवी मी श्वास घ्यायलाही थांबत नाही. त्या दिवशी थांबले. कारण डाव्या कानातला आवाज दमलेला वाटला. सकाळपासून सगळे त्याच्यावर ओरडत असणार, एक सौदा मिळाला तर बिचाऱ्याला बरं वाटेल, असं माझ्या मनात आलं आणि 'डन' अगदी जिभेच्या टोकावर आलं... डाव्या बाजूच्या.

तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "मॅडम, आज आमच्याकडे नका घेऊ. बाहेर याहून चांगला भाव मिळेल."

कुठलाही डीलर असं बोलत नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पाठवावं, तसलंच ते. आणि तेही रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर. मी उजव्या कानाला 'डन' म्हटलं, आणि दोन्ही रिसीव्हर खाली ठेवले. मावशीचे पैसे मी कुणाच्या तरी दमलेल्या आवाजासाठी चढ्या भावात टाकायला निघाले होते. मावशी म्हणाली होती, तू आहेस ना तिथे.

दुपारी कानसेन मॅडमनी बोलावलं. वाटलं, ते वाक्य ऐकवणार. त्यांनी भलतंच काही लावलं. मागच्या आठवड्यातला कुठलासा साधा फोन. भाव, 'डन', 'बरं'... आणि मग नुसती पंख्याची घरघर. मग दुसरा फोन. भाव, 'डन', 'बरं', घरघर. मग तिसरा.

"हा भाव," त्या म्हणाल्या. "हे डन. आणि पुढे हे काय आहे?"

"काही नाही मॅडम."

"काही नाही, तर फोन का ठेवत नाही तुम्ही दोघं?"

कानाच्या पाळ्या तापल्या.

"भावात कधी खोट सापडली नाही," त्या म्हणाल्या. "आजही नाही. पण आज थोडक्यात वाचलीस, हे तुलाही कळलंय. नियम तुला माहीत आहे. जवळचा माणूस समोर असेल तर सौदा दुसऱ्याने करायचा. आधी सांगितलंस तर ती शिस्त, मागून कळलं तर चौकशी. उद्या सकाळच्या आत ठरव."

"पण मॅडम, तसं आमच्यात अजून..." मी चाचरले. "त्याने काही म्हटलेलंच नाही."

"त्याचं मी ऐकलंय," हेडफोन पुन्हा चढवत त्या म्हणाल्या. "मी तुझं विचारतेय."

जवळचा माणूस आहे असं सांगावं, तर सकाळचा तो फोन कायमचा गेला. आणि उद्या तो म्हणाला, 'मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय,' तर आवाजही गेला आणि अब्रूही. न सांगावं, तर पुढच्या वेळी मी कुठला कान धरीन याचा भरवसा माझा मलाच नव्हता. खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पाऊस भुरभुरत होता. मग साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि सांगून टाकलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "त्यांना माहीत आहे का हे?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"कमाल आहे," साहेब म्हणाले.

संध्याकाळी त्याच्या बँकेच्या पायऱ्यांशी जाऊन उभी राहिले. तो बाहेर आला. मला पाहिलं, छत्री उघडली, वाकडी काडी आपल्याकडे फिरवली.

"सकाळी असं का बोललात?" मी विचारलं. "ओरडा खाल्ला असेल."

"खाल्ला ना, पोटभर." थोडं चालून तो म्हणाला, "तुम्ही थांबलात. तुम्ही कधीच थांबत नाही. मला वाटलं, माझ्यामुळे थांबल्या असाल... आणि मला भीती वाटली. आनंदही झाला. पण आधी भीती."

मी उभी राहिले. मागून येणाऱ्या एका बाईंनी आम्हाला वळसा घातला, पुटपुटत.

"मला काय करायचंय ते मी सांगणार नाही," मी म्हणाले. "रीत म्हणजे रीत. तुम्ही दोन्ही बाजू सांगा."

त्याला लगेच कळलं. छत्रीची मूठ या हातातून त्या हातात गेली.

"तुम्ही नाही म्हणालात, तर... कधी थांब्यापर्यंत यायचं झालं तर छत्री आहेच. बाकी काही विचारणार नाही."

"आणि दुसरी बाजू?"

छत्रीवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"दुसरी बाजू," तो म्हणाला, "मला तुम्ही हव्या आहात. सकाळच्या भावापुरत्या नाही. रोज. मी कधी काही मागितलं नाहीय कुणाकडे, त्यामुळे नीट जमत नसेल... पण हे मागतोय. आणि यातलं थोडंही कमी करणार नाही मी."

"डन," मी म्हणाले. आवाज फाटला माझा, पण शब्दाला शब्द.

मग आठवण होऊन मी म्हटलं, "उद्यापासून तुम्हाला माझा फोन येणार नाही. मी साहेबांना सांगून टाकलंय."

तो बघतच राहिला. मग हसायला लागला, पोक सोडून, सरळ उभा राहून. "उद्यापासून तुमचा फोन मी उचलणारही नव्हतो. मीही दुपारी सांगून आलोय."

"मला न विचारता?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी ते दोन रिसीव्हर उचलले. डाव्या बाजूला कुणी नवाच खेकसत होता. भाव, डन, धाडकन फोन खाली. मी दुसऱ्या चलनांचं काम बघत होते आणि माझा डावा कान उगाचच रिकामा रिकामा वाटत होता. कानसेन मॅडम जाताजाता माझ्या टेबलाशी थांबल्या.

"आता त्या लाइनवर ऐकण्यासारखं काही उरलं नाही," त्या म्हणाल्या. आणि चक्क हसल्या.

संध्याकाळी मी घरी पोचते न पोचते तोच माझा स्वतःचा फोन वाजला. मी गच्चीत गेले आणि सवयीने तो डाव्या कानाला लावला.

"हवा कशी आहे तिकडे?" त्याने विचारलं.

"ढगाळ," मी म्हणाले. "तू कसा आहेस?"

तो 'तू' त्याला पोचायला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "बरा आहे." आणि मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. ऐकायला कुणी नव्हतं, फोन ठेवायला कुणी सांगत नव्हतं. आईने आतून जेवायला हाक मारली, मग आणखी एकदा मारली, तरी आम्ही फोन ठेवला नाही.