सात दहा ते सात वीस

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा नेडीन कोल्बीच्या टेबलावर पाच वह्या आधीच मांडलेल्या होत्या.

"बघितल्यास?"

"बघितल्या. चार वह्या एकाच माणसानं लिहिल्यात. पाचवी खरी वाटते."

"म्हणजे सॅडलवाल्यांची तक्रार खरी निघाली."

"चार वह्या खोट्या आहेत, एवढंच खरं निघालं. लिहिल्या कोणी ते कळायचंय."

"त्यात आणखी काय कळायचंय? चारही वह्यांत रूस्टरचं नाव आहे, म्हणजे काम रूस्टरचंच. शुक्रवारी मी त्यांना अहवालातून काढून टाकतोय. त्याआधी काही सापडलं तर सांग."

नेडीनची कंपनी रेडिओ कोण किती ऐकतं ते मोजायची. निवडक घरांना टपालानं छोट्या वह्या जायच्या, माणशी एक. गुरुवार ते बुधवार, कोणत्या वेळी कोणतं स्टेशन ऐकलं ते लिहायचं आणि वही परत टपालात टाकायची. अहवाल निघाला की स्टेशनवाले कचेरीत येऊन त्या वह्या चाळू शकत. त्या वेळी नाव-पत्ता झाकलेला असायचा, दिसायचा फक्त पिनकोड.

सेंट लुईसच्या पश्चिमेकडल्या उपनगरांत कंट्री, म्हणजे खेड्याकडच्या ढंगाच्या, गाण्यांचं एकच स्टेशन होतं, सॅडल. वीस वर्षं त्याच्या वाटेला कोणी गेलं नव्हतं. मग मागच्या वर्षी, त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात, एका लाँड्रीशेजारच्या गाळ्यात रूस्टर सुरू झालं आणि आठ महिन्यांत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. सकाळचा कार्यक्रम करायची टेसा बॉगेस. त्याआधी ती शाळेची बस चालवायची. अहवालातून नाव गेलं की जाहिराती जाणार आणि मालक स्टेशन विकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. टेसाला पुन्हा बस चालवावी लागली असती.

नेडीनला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. आयोवात तिनं स्वतः अकरा वर्षं दुपारचा कार्यक्रम केला होता. एका शुक्रवारी तिला घरी पाठवून तिच्या खुर्चीत सव्वीस वर्षांची पोरगी बसवली होती. तेव्हापासून माइकवर कोणी तरुण बाई खळखळून हसली की नेडीनच्या पोटात दुखायचं. ही टेसाच चोर निघावी असं तिला मनापासून वाटत होतं. स्वतःचं हे मत्सरी मन ती चांगलं ओळखून होती, म्हणून सेंट लुईसला जाताना विमानात तिनं वह्या पुन्हा एकदा वाचून काढल्या.

पाचही वह्या एकाच वस्तीतून आल्या होत्या. पाचवी वही थरथरत्या अक्षरात होती. 'भांडी घासताना, सफरचंदाची पाई भट्टीत असेपर्यंत.' खरी माणसं अशीच लिहितात. उरलेल्या चार वह्यांत मात्र लाल शाईत नुसती वेळ होती. सात दहा ते सात वीस. सात चाळीस ते सात पन्नास. चार दहा ते चार वीस. सगळीकडे रूस्टर.

मंगळवारी सकाळी ती आधी सॅडलमध्ये गेली.

हॉलिस प्रूएट बासष्ट वर्षांचा होता. डोक्यावर हॅट, पट्ट्याला ताटलीएवढं बक्कल. त्याच्यामागे भिंतीवर घड्याळ होतं आणि काचेवर तेलखडूनं चार लाल रेघा ओढल्या होत्या, पाच, वीस, पस्तीस आणि पन्नासवर. गुरांचे भाव सांगून झाले तशी त्यानं गाण्याची तबकडी लावली.

"तक्रार तुम्हीच केलीत?" नेडीननं विचारलं.

"मीच. वह्या बघायला तुमच्या कचेरीत आलो होतो. लाल शाई बघितली आणि ओळखलं, रूस्टरची फुकटातली पेनं ही. ट्रेलरमध्ये राहणाऱ्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांना गंडवलं हो तिनं."

"टेसाला भेटलायत कधी?"

"कशाला भेटू? बाईला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. दिवसभर कोणाच्या अंगणात जुनं सामान विकायला काढलंय, कुठल्या वळणावर रस्ता खणलाय, हेच पुराण. ह्याला कंट्री म्हणायचं?"

"तुम्ही अजून गुरांचे भाव सांगता."

"वीस वर्षं सांगतोय."

"येताना मला एकही गाय दिसली नाही. सगळी हिरवळ आणि मॉल."

हॉलिसनं घड्याळाकडे बघितलं. "गाणं संपतंय, बाई. मला बोलायचंय."

रूस्टरमध्ये लाँड्रीच्या साबणाचा वास येत होता. टेसा तिशीची, अंगानं दणकट, पायात जुने बूट. ती माइकवर हसत होती आणि ते हसू खरंखुरं होतं, हे नेडीनला अजिबात आवडलं नाही.

"त्या आठवड्यात तुमची गाडी व्हिस्परिंग ओक्स ट्रेलरपार्कात गेली होती?"

"सोमवारी. दोनशे पेनं वाटली. माझा बसचा जुना रस्ता तिथूनच जायचा, सगळे ओळखतात." टेसा थबकली. "हे माझ्याच अंगाशी येणार आहे का?"

"बहुतेक. सकाळच्या जाहिराती किती वाजता लावता?"

"सात दहाला. पोरं बसमध्ये चढवायची वेळ असते, घरात कोणाचं लक्ष नसतं. मग कशाला चांगलं गाणं वाया घालवा? सेल्सवाले रोज ओरडतात माझ्यावर."

"का ओरडतात ते सांगितलं नाही?"

"सांगतात काहीतरी पाच मिनिटांचं. मी म्हटलं, तुमचं गणित तुम्ही करा, मला बोलू द्या."

नेडीननं तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं. खोटं सापडेना. गाडीत बसल्यावर ती स्वतःवरच चिडली, कारण आपली निराशा झाली आहे हे तिला कळत होतं.

व्हिस्परिंग ओक्समध्ये चारशे ट्रेलर होते, चाकांवरची स्वस्तातली घरं. ड्यूई लँग आणि त्याची बायको फर्न तिसऱ्या गल्लीत राहायचे. चार खोट्या वह्यांपैकी दोन त्यांच्या होत्या, दोन शेजारच्या जोडप्याच्या. फर्ननं आइस टी पुढे केला.

"वह्या तुम्हीच भरल्यात?"

"हो," ड्यूई म्हणाला. प्रश्न पुरता संपायच्या आतच म्हणाला. फर्न आपल्या बोटांकडे बघत बसली.

"रेडिओवर काय ऐकता?"

"सॅडल. दुसरं काही लावतच नाही. आमचा हॉलिस आहे ना तिथे. दर मंगळवारी दुपारी इथल्या सभागृहात येतो, बिंगोचे आकडे पुकारतो. पैसा घेत नाही. फर्नचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात आला होता."

"मग ह्यात सॅडलचं नाव एकदाही का नाही?"

नेडीननं वही उघडून पुढे सरकवली. ड्यूईनं चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, बायकोची वही ओढून घेतली.

"हे काय भलतंच," तो म्हणाला. "तो असं कशाला लिहील?"

"तो कोण?"

फर्ननं नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. ड्यूईनं चष्मा काढून खिशात ठेवला आणि मग कितीही विचारलं तरी तोंड उघडलं नाही.

दुपारी अडीचला नेडीननं टेसाला सभागृहात बोलावून घेतलं. हॉलिस आधीच आला होता आणि बिंगोचे आकडे लिहिलेले गोळे जाळीच्या पिंजऱ्यात भरत होता. लँग जोडपं मागच्या टेबलाशी बसलं होतं. पुढच्या टेबलाशी एक्याऐंशीच्या ओपल स्टॉडर्ड आजी आपली बिंगोची कार्डं मांडत होत्या. पाचवी वही त्यांचीच होती. बाकीची मंडळी तीनला यायची होती.

"कबूल केलं का हिनं?" हॉलिसनं टेसाकडे हनुवटी उडवली.

"मी काय कबूल करू?" टेसा म्हणाली.

"दोघंही बसा," नेडीन म्हणाली. "मला दहाच मिनिटं लागतील, आणि दहा मिनिटांचीच ही गोष्ट आहे."

तिनं चार वह्या टेबलावर ठेवल्या.

"आमच्याकडे मोजायची एक रीत आहे. तासाचे चार भाग. त्यातल्या कुठल्याही पाव तासात पाच मिनिटं ऐकलं की स्टेशनला तो अख्खा पाव तास मिळतो. आता सात दहा ते सात वीस बघा. सव्वासातच्या अलीकडे पाच मिनिटं, पलीकडे पाच. दहा मिनिटं ऐकून दोन पाव तासांचं श्रेय. चारही वह्यांत प्रत्येक ओळ अशीच आहे. साधी माणसं 'पाई भट्टीत असेपर्यंत' लिहितात. असं लिहितो तो रेडिओवर मुरलेला माणूस. मीही अकरा वर्षं घड्याळाकडे बघत बोलले आहे, अजून चहा पितानाही माझी नजर वीसच्या आकड्यावर जाते."

"तेच तर मी म्हणतोय," हॉलिस म्हणाला. "रेडिओवाल्याचंच काम आहे."

"टेसाला ही रीत ठाऊकच नाही. ती सात दहाला जाहिराती लावते, म्हणजे लोक सात वीसच्या आत पळून जावेत अशीच सोय करते. रीत माहीत असलेला माणूस झोपेतही असं करणार नाही. तुमच्या घड्याळावर मात्र पाच, वीस, पस्तीस, पन्नासला लाल रेघा आहेत. श्रोत्याला तिथपर्यंत धरून ठेवलं की पाव तास खिशात. बरोबर?"

"सगळ्या देशात असतात तसल्या रेघा. आणि मी माझ्याच वैऱ्याचं नाव कशाला लिहीन?"

"मलाही तेच कोडं होतं. मग सकाळचं तुमचं बोलणं आठवलं. 'ट्रेलरमध्ये राहणाऱ्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांना.' हॉलिस, तुम्हाला दाखवलेल्या वह्यांवर पत्ता झाकलेला होता. नुसता पिनकोड दिसत होता आणि त्या पिनकोडात वीस हजार माणसं राहतात. ही वही ट्रेलरमधून आली हे तुम्हाला कसं कळलं?"

हॉलिसच्या हातातला गोळा पिंजऱ्यात पडला.

"लिहिणाऱ्याला फायदा नको होता," नेडीन म्हणाली. "त्याला पकडलं जायला हवं होतं, पण रूस्टर म्हणून. म्हणून रूस्टरचं पेन, म्हणून चारही वह्यांत एकच अक्षर. मग स्वतःच येऊन शोधून काढायच्या आणि ओरडायचं. आठवडा बुधवारी संपतो. त्यानंतरच्या मंगळवारी इथे बिंगो होता. ड्यूई, वह्या कोणी नेल्या?"

ड्यूई उठून उभा राहिला. "त्यानंच नेल्या. आमच्या कोऱ्याच पडल्या होत्या, शेजाऱ्यांच्याही. म्हणाला, द्या इकडे, मी भरून टपालात टाकतो. आम्हाला वाटलं, स्वतःचं नाव लिहील. तेवढं तरी आपण त्याच्यासाठी करावं." तो हॉलिसकडे वळला. "आमच्या नावावर तू ह्या पोरीचं घर बुडवायला निघालास, हॉलिस?"

टेसा हॉलिससमोर जाऊन उभी राहिली. "मी तुमचं ऐकत मोठी झाले," ती म्हणाली. "बसमध्ये सॅडलच लावायचे मी."

हॉलिस खुर्चीत बसला आणि हॅट काढून मांडीवर ठेवली. हॅटशिवाय तो बराच म्हातारा दिसत होता.

"माझंच नाव लिहायला नेल्या होत्या," तो म्हणाला. "खोटं बोलत नाही. एवढी एक लबाडी करणार होतो. ओपलनं आपली वही भरून, पाकीट बंद करून दिली होती, नुसती पेटीत टाक म्हणून. वीस वर्षं ओपल पहिल्या रांगेत बसते. अधूनमधून मला पाई करून देते. म्हटलं, तिनं माझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघू. जरा बरं वाटेल. वाफेवर पाकीट उघडलं."

ओपल आजींनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"सात दिवस रूस्टर. भांडी घासताना रूस्टर, पाई भाजताना रूस्टर. माझ्यासाठी भाजलेली पाई असेल ती, काय माहीत. दुसऱ्या कोणाचं चाललं असतं मला. शहरातले लोक, नवे लोक, जाऊ देत. पण ओपल?" त्यानं टेसाकडे बोट केलं, मग बोट खाली घेतलं. "त्या रात्री असं जळलं आतून, की आपण जिंकावं हे मनातच राहिलं नाही. हिनं हरावं, एवढंच उरलं."

नेडीनला तो जळफळाट पुरता ओळखीचा होता. सव्वीस वर्षांच्या त्या पोरीचा कार्यक्रम बंद पडला तेव्हा तिनं एकटीनं केक आणून खाल्ला होता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही.

"पाचही वह्या बाद होणार," ती म्हणाली. "स्टेशनवाल्याच्या हातात गेलेली वही धरता येत नाही. ओपल आजींचीसुद्धा. अहवालातून रूस्टर जाणार नाही. सॅडल जाईल."

"पाच काढल्यावर रूस्टर कितव्या नंबरावर?" हॉलिसनं विचारलं.

"पहिल्याच."

"आणि त्या चारांत मी माझं नाव लिहिलं असतं तर?"

"तरी तुम्ही दुसरेच राहिला असतात."

मग नेडीननं विचारलं, "आजींची वही फाडली का नाहीत? तीही पाठवलीत."

"शेवटच्या पानामुळे. शेरे लिहायचं पान असतं ना. ते फाडवेना." त्यानं डोळे मिटले आणि ते पान तोंडपाठ म्हटलं. "'हॉलिस मला मुलासारखा आहे. पण तो पूर्वी काय होतं ते सांगतो, आणि ही मुलगी आज काय चाललंय ते सांगते. मी एक्याऐंशीची आहे. पूर्वीचं मला पाठ आहे.'"

ओपल आजींनी कार्डं खाली ठेवली. त्या रागावल्या होत्या, पण हॉलिसवर नाही. त्या नेडीनकडे वळल्या.

"त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, पोरी, तू ती वाचली असशील," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं होतं, 'हे त्याला कळू देऊ नका.'"